अमेरिकेतून आलेलं जुनं फॅसेटिंग मशीन घरी दुरुस्त करताना सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा: भावाने कॅलिफोर्नियातल्या गराज सेलमध्ये घेतलेलं मास्ट पद्धतीचं (उभ्या खांबावर डोकं सरकणारं) जुनं फॅसेटिंग मशीन, म्हणजे खड्यावर पैलू पाडायचं यंत्र, पुण्याला आलं आहे. लॅप (कापायची फिरती चकती) 8 इंची, इंडेक्स गिअर (खडा मोजून वळवणारं दातेरी चाक) 96 दात्यांचं, मोटर 115 व्होल्टची. मास्टला गंज आहे, क्विल (खडा धरणारा फिरता दांडा) जड फिरतं. ट्रान्सफॉर्मर लावून एक स्फटिक (क्वार्ट्झ) कापून पाहिला, तर पॅव्हिलियनचे (खड्याच्या खालच्या भागाचे) आठ मुख्य पैलू एका टोकाला मिळत नाहीत आणि मोटर अर्ध्या तासात हात ठेववत नाही इतकी तापते. मोटर बदलून भागेल का, की इंडेक्स गिअर गेलं आहे?

मोटर बदललीत तर तापणं थांबेल, पैलू मात्र आत्तासारखेच चुकत राहतील. ही दोन वेगळी दुखणी आहेत. आणि गिअर तर बहुधा निर्दोष आहे, कारण तुम्ही सांगताय ते लक्षण गिअरचं नाही.

आठही पैलू एकाच कोनात आणि एकाच उंचीच्या स्टॉपवर कापले, तर गिअरचे दाते कितीही असमान असोत, ते एकाच टोकाला मिळतात. सगळे पैलू एकाच शंकूला टेकलेले असतात आणि शंकूचं टोक एकच असतं. गिअर चुकीचं असेल तर टोक नीट येतं, पण पैलूंच्या फाका लहानमोठ्या दिसतात, एक रुंद, शेजारची अरुंद. टोकच मिळत नसेल तर एका पैलूपासून दुसऱ्या पैलूपर्यंत उंची किंवा कोन बदलतोय. म्हणजे क्विलमध्ये प्ले (ढिलेपणा) आहे, तबकडी डुलते आहे, मास्ट तबकडीला काटकोनात नाही, किंवा डोकं मास्टवरून हळूच घसरतंय. (लॅप जिच्यावर बसते त्या प्लेटनला मी इथे तबकडी म्हणतोय.)

दुरुस्तीचा क्रम खालून वर: बेअरिंग, स्पिंडल, तबकडी, मास्ट, क्विल, इंडेक्स आणि सगळ्यांत शेवटी कोनमापक. प्रत्येक भाग खालच्या भागाच्या आधाराने मोजायचा असल्यामुळे उलटा क्रम चालत नाही. जुन्या मशीनची वाट बहुतेक वेळा अशीच लागलेली असते: कुणीतरी खालची चूक वरच्या स्क्रूने झाकलेली असते. इंडेक्स स्प्लिटर (दोन खाचांमधला बारीक कोन लावणारा), म्हणजे ज्याला सगळे चीटर म्हणतात तो, एका टोकाला पिळून ठेवलेला असेल तर मास्टवर संशय घ्या. रंगरंगोटी सगळं झाल्यावर करा, नाहीतर मोजायच्या पृष्ठभागावरच रंग बसेल.

उघडण्याआधी हत्यारं बघा. मशीन अमेरिकन, म्हणजे स्क्रू इंचातले. 1/8 इंची खाचेच्या (3.175 मिमी) ग्रब स्क्रूत 3 मिमीची ॲलन की सैल बसते आणि स्क्रू गंजलेला असेल तर खाच गोल करून टाकते. 5/32 म्हणजे 3.97 मिमी, तिथे 4 मिमीची चावी कधी बसते, कधी नाही. 3/16 म्हणजे 4.76 मिमी, त्यात 5 मिमीची जातच नाही. सगळ्यांत फसवा असतो 10-32 चा स्क्रू. त्याचा व्यास 4.83 मिमी आणि दोन आट्यांमधलं अंतर 0.794 मिमी. आपल्याकडच्या एम5 चं अंतर 0.8 मिमी, व्यास 5. त्यामुळे एम5 दोन-तीन आटे आत जातो, मग घट्ट लागतो, आणि जोर दिला की ॲल्युमिनियमच्या बॉडीतले आटे सोलून काढतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला इंची चाव्या आणि स्क्रू मिळतात. चार पैसे तिथे खर्च करा.

अडकलेल्या स्क्रूवर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन अर्धं-अर्धं मिसळून रात्रभर ठेवा. हे मिश्रण पेट घेतं, त्यामुळे पुसून, वारा लागू दिल्यावरच हॉट एअर गन लावा. धुवायला रॉकेल आणि ब्रश. कॉम्प्रेसरची हवा अजिबात मारू नका. कोपऱ्यांत साचलेली हिऱ्याची पूड थेट बेअरिंगमध्ये आणि क्विलच्या बुशमध्ये जाते, आणि तिथून ती परत निघत नाही. मास्टचा गंज काढताना पॉलिश पेपरचा मोह टाळा. मास्ट ग्राइंड करून मापात आणलेला असतो. जिथे जास्त घासाल तिथे डोकं सैल होईल. तेल लावून बारीक नायलॉन पॅडने लांबीच्या दिशेने हलक्या हाताने पुसा. खड्डे राहिले तर राहू द्या, त्यांनी काही बिघडत नाही. बिघडतं ते खड्ड्यांभोवती उठलेल्या कडांमुळे. त्या तेलदगडाने उतरवा.

आता स्पिंडल. तबकडीच्या कडेला डायल इंडिकेटर लावा (0.01 मिमीचा पुरेल), त्याचा स्टँड बेसवर ठेवा आणि तबकडी हाताने सावकाश फिरवा. काटा 0.02 मिमीच्या आत हलला तर उत्तम, 0.03 पर्यंत काम निभतं, 0.05 असेल तर पॉलिशच्या वेळी पैलू एका कडेलाच चमकतो. प्रत्येक फेरीत काटा त्याच जागी वर जात असेल तर तबकडी किंवा स्पिंडल वाकडा आहे. कुठेही, कसाही उडत असेल तर बेअरिंग गेलंय. तबकडी की स्पिंडल हे ओळखायला दोघांवर खूण करा, तबकडी काढून 180 अंश फिरवून पुन्हा बसवा. उंच जागा तबकडीच्या खुणेबरोबर गेली तर दोष तबकडीचा, स्पिंडलच्या खुणेपाशीच राहिली तर स्पिंडलचा.

पुष्कळदा दोष या दोहोंचाही नसतो. ॲल्युमिनियमच्या तबकडीवर पाणी साचून पांढरट पापुद्रा धरलेला असतो आणि लॅप त्या उंचवट्यावर बसते. तो सपाट तेलदगडाने उतरवा. तबकडी खरंच वाकडी असेल तर टर्नरकडे एकटी देऊ नका. ती तिच्याच स्पिंडलवर घट्ट करून, स्पिंडल लेथवर सेंटरमध्ये धरून फेसिंग करून घ्या, एका वेळी 0.1 मिमीपेक्षा कमी. एकटी फेस केलेली तबकडी लेथवर सरळ असते आणि मशीनवर पुन्हा डुलते.

बेअरिंगचा नंबर जुन्या बेअरिंगवरून वाचा, मापावरून अंदाज करू नका. अमेरिकन मशीनमध्ये आर8 किंवा आर10 असणं शक्य आहे. आर10 चं भोक 15.875 मिमी आणि बाहेरचा व्यास 34.925. दुकानदार 6202 पुढे करतो, त्याचं भोक 15 मिमी, ते बसतच नाही. मग 6202-10 देतो: भोक बरोबर 15.875, पण बाहेरचा व्यास 35. बेअरिंगच्या घरात (हाउसिंगमध्ये) ते 0.075 मिमीने मोठं होतं. ठोकून बसवलंत तर बाहेरची रिंग दबते, बेअरिंग पहिल्या दिवसापासून घरघरतं. घर घासून मोठं केलंत तर ते कायमचं लंबगोल. थांबा आणि आर10 च मागवा. रबर सील असलेलं (2आरएस) घ्या, कारण इथे चिखल-पाणी उडतं. पत्र्याच्या शील्डमधून ते आत जातं. सी3 लिहिलेलं नको, त्यात मुद्दाम जास्त प्ले ठेवलेला असतो. बसवताना बेअरिंग तासभर फ्रीझरमध्ये आणि ॲल्युमिनियमचं घर साधारण 100 अंशांपर्यंत गरम. मग ते हाताने आत जातं, हातोडीची गरज पडत नाही. काढतानाही पुलर वापरा.

तबकडी सरळ झाली की मास्ट. इंडिकेटर आता क्विलवर नाही, तर मास्टवर सरकणाऱ्या डोक्याच्या बॉडीवर पक्का बांधा. त्याचं टोक तबकडीवर टेकवा, तबकडी स्थिर ठेवा आणि डोकं मास्टभोवती डावीकडून उजवीकडे फिरवा. एका टोकाला काटा चढला आणि दुसऱ्या टोकाला उतरला तर मास्ट बाजूला झुकलाय. हाच झुकाव घातक. मास्ट पुढे-मागे झुकलेला असेल तर तो या चाचणीत फारसा दिसत नाही, गुण्याने बघावा लागतो, पण तो बहुतांशी कोनमापकाच्या शून्यात सामावून जातो.

बाजूचा झुकाव का घातक, हे आकड्यांत बघा. मास्ट 0.1 अंश झुकला तर 90 अंशांच्या गिर्डल (खड्याच्या कमरेच्या) पैलूवर इंडेक्सची चूक 0.1 अंशच येते. 42 अंशांच्या पॅव्हिलियनवर ती 0.15 होते आणि 15 अंशांच्या क्राऊन (वरच्या भागाच्या) पैलूवर जवळजवळ 0.39. चीटर फिरवून एका कोनापुरती चूक जाते, कोन बदलला की परत येते. म्हणून काही जण प्रत्येक ओळीला चीटर फिरवत बसतात आणि गिअरला शिव्या घालतात.

उपाय म्हणजे मास्टच्या पायाखाली पितळी शिम (पातळ पत्र्याची पट्टी). हिशेब सरळ त्रैराशिकाचा: 120 मिमीच्या फेऱ्यात काटा 0.10 मिमी चढला आणि मास्टचा पाया 60 मिमी रुंद असेल, तर काटा चढलेल्या, म्हणजे मास्ट झुकलेल्या बाजूखाली 0.05 ची शिम. बोल्ट आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना माप हलतंच. शिम घालण्यापूर्वी पायाखालचा जुना रंग आणि गंज खरवडून काढा. कित्येकदा झुकाव तेवढ्यानेच जातो.

तुमच्या तक्रारीचं मूळ मला क्विलमध्ये दिसतंय. जड फिरणं म्हणजे जुनं ग्रीस वाळून लाखेसारखं झालंय आणि त्यात पूड अडकलीय. क्विल बाहेर काढा, रॉकेलने धुवा, स्पिरिटने कोरडं करा. आत बहुधा ब्राँझचे बुश असतील. डॉपच्या (खडा चिकटवायच्या दांडीच्या) जागी 6 इंची सरळ ग्राउंड रॉड बसवा (चक पाव इंची असेल तर 6.35 मिमीचा) आणि तो वर-खाली, पुढे-मागे दाबून डायलवर बघा. क्विलच्या तोंडापाशी 0.01 पेक्षा जास्त हललं तर बुश बदलायचे. सिंटर्ड ब्राँझचा बुश प्रेस करून बसवला की भोक किंचित आवळतं. ते रीमरने मापात आणायचं, पॉलिश पेपर गुंडाळून नाही. बसवण्यापूर्वी बुश रात्रभर पातळ स्पिंडल ऑइलमध्ये बुडवून ठेवा. नंतर शिलाई मशीनचं तेल थेंबभर पुरे. ग्रीस भरलंत तर वर्षभरात पुन्हा हीच वेळ येईल, शिवाय थंडीत ते घट्ट होऊन बोटाला दाबाचा खोटा अंदाज देतं. याच वेळी हार्ड स्टॉपचं डोकंही भिंगातून बघा. पोलादी टोक वर्षानुवर्षं एकाच जागी आदळून तिथे खळगा पडतो आणि उंची थेंबाथेंबाने बदलते. ते सपाट करा किंवा उलटं बसवा.

गिअर एवढ्यात बदलू नका. 96 च्या गिअरवर एक दाता म्हणजे 3.75 अंश. आधीचा मालक आयुष्यभर गोल ब्रिलियंट कापत असेल तर 96, 12, 24, 36 या दर बाराव्या खाचेची कड झिजलेली दिसेल, बाकी दाते कोरे असतील. असं असेल तर गंमत करा: आराखड्यातल्या प्रत्येक आकड्यात 1 मिळवा. 96 चा 1, 12 चा 13, 3 चा 4. सगळे पैलू सारखेच सरकतात, खड्यात काही फरक पडत नाही, आणि तुम्ही न झिजलेल्या दात्यांवर काम करता. क्राऊनलाही तोच नियम लावायला मात्र विसरू नका. खाचेत बसणाऱ्या ट्रिगरची धार बोथट झाली असेल तर ती अगदी हलकी घासून घ्या. खाचेच्या तळाला न टेकता दोन्ही बाजूंना टेकली पाहिजे.

शेवटी कोनमापक. क्विल 90 वर आणा, म्हणजे ते तबकडीला समांतर हवं. चकमधल्या रॉडवर 100 मिमी अंतराच्या दोन जागी तबकडीपासूनची उंची मोजा. 0.17 मिमी फरक म्हणजे 0.1 अंशाची चूक. मग रॉड अर्धा वळसा फिरवून पुन्हा मोजा आणि दोन्हींची सरासरी घ्या, म्हणजे रॉडचा बाक हिशेबातून जातो. 90 बरोबर आलं म्हणून 42 बरोबर असेलच असं नाही. जुनी पट्टी मध्यापासून सरकलेली असते. टूलरूममध्ये ओळख असेल तर 100 मिमीचा साइन बार (ठरावीक कोन लावायची पट्टी) आणि 74.31 मिमीच्या स्लिप (अचूक जाडीचे ठोकळे) मागून आणा. मशीनवरचा 42 अंश म्हणजे क्विल उभ्या रेषेपासून 42 अंश, आडव्यापासून 48, म्हणून 48 ची साइन. साइन बारच्या उतारावर रॉड टेकवून मागून दिवा धरा; फट दिसली तर तिची बाजू सांगते कोन कमी आहे की जास्त.

ही उठाठेव एवढ्यासाठी की स्फटिकाचा क्रिटिकल कोन (त्याहून चपट्या पैलूतून प्रकाश परत न फिरता निसटतो) साधारण 40.4 अंश आहे. पॅव्हिलियन 42 लावला आणि मशीन प्रत्यक्षात 40 देत असेल तर खड्याच्या मध्यातून आरपार दिसतं, आणि माणूस पॉलिशला दोष देत बसतो.

डिजिटल कोन बसवायचा विचार असेल तर एक सांगतो. एएस5600 ही स्वस्त चुंबकीय चिप 12 बिटची, म्हणजे एक पायरी 0.088 अंशाची, ती इथे अपुरी. 14 बिटच्या चिपची पायरी 0.022 अंशाची असते, पण चुंबक धुरीच्या मध्यावर नसेल तर चूक पायरीच्या कित्येक पट होते. पडद्यावर दोन दशांश दिसले म्हणजे दोन दशांश खरे असतात असं नाही. साइन बारवर तीन-चार कोन तपासून तक्ता केल्याशिवाय त्यावर विश्वास टाकू नका.

आता मोटर. प्लेटवर काय लिहिलंय त्यावर सगळं आहे. इंडक्शन मोटर असेल (1725 आरपीएम, 60 हर्ट्झ), तर ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज सुधारलं, फ्रिक्वेन्सी 50 च राहिली. त्याच व्होल्टेजवर कमी फ्रिक्वेन्सी म्हणजे गाभा संपृक्त होतो, करंट वाढतो, मोटर तापते. व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवायला हवं: 115 गुणिले 50 भागिले 60, साधारण 96 व्होल्ट. वेग 1440 च्या आसपास राहील. पण स्प्लिट फेज मोटर असेल तर आणखी एक धोका आहे. तिचा सेंट्रिफ्यूगल स्विच 60 हर्ट्झच्या वेगाला बेतलेला, साधारण 1350 ला उघडणारा. आपल्याकडे मोटर मुळात 1440 च्या पुढे जात नाही, त्यामुळे स्विच उशिरा उघडतो, लोड असेल तर उघडतच नाही, आणि स्टार्टिंग वाइंडिंग जळतं. अशा मोटरमागे वेळ घालवू नका. तिला फॅन रेग्युलेटर लावून वेग कमी करण्याचा प्रयोगही नको.

कार्बन ब्रशची युनिव्हर्सल किंवा डीसी मोटर असेल तर फ्रिक्वेन्सीचा प्रश्नच नाही. 90 व्होल्ट डीसीची मोटर असेल तर तिच्या मूळ कंट्रोलरला 230/115 चा 500 व्हीएचा ट्रान्सफॉर्मर द्या. 230 चा डीसी ड्राइव्ह लावाल तर तो 180 व्होल्टपर्यंत देतो आणि मोटर मरते.

बदलायचीच असेल तर माझं मत: पाव एचपीची तीन फेज 1440 ची मोटर आणि एक फेजवर चालणारा छोटा व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून वेग बदलणारा ड्राइव्ह). मोटरच्या डब्यातल्या पट्ट्या स्टारमधून डेल्टात घ्या (415 स्टार, 230 डेल्टा असं प्लेटवर असेल तरच). पुली अशा ठेवा की तबकडी मोटरच्या दोन-तृतीयांश वेगाने फिरेल: 50 हर्ट्झला 960 आरपीएम, 10 हर्ट्झला 190. कापायला वरचा वेग, पॉलिशला खालचा. 10 हर्ट्झच्या खाली जोर राहत नाही आणि मोटरचा पंखाही नावापुरता फिरतो. जुना व्ही बेल्ट एकाच जागी बसून वाकलेला असतो, त्याचा ठोका पैलूवर उमटतो. गोल पॉलियुरेथेनचा बेल्ट तापवून जोडा, मापापेक्षा 5 ते 8 टक्के आखूड.

पाणी आणि 230 व्होल्ट शेजारी-शेजारी आहेत. जुन्या मशीनला दोन पिनचा प्लग असेल तर बॉडीला अर्थिंगची वायर स्वतंत्र जोडा आणि 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीशिवाय (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) चालू करू नका. व्हीएफडीने तो कधीकधी उगाच पडतो. पण तेवढ्यासाठी त्याला बायपास करायचं नाही. मोटरची केबल आखूड आणि शील्डेड घ्यायची.

पाण्याच्या टाकीचा जुना पितळी कॉक गळतच असणार. मेडिकलमधला सलाइनचा सेट लावा, त्याच्या चाकासारखं नियंत्रण या नळांत नसतं. सेकंदाला एक थेंब म्हणजे तासाला साधारण 180 मिली. कोरडं कापू नका, स्फटिकाची धूळ फुप्फुसात गेली की तिथेच राहते.

बरोबर आलेल्या लॅपपैकी तांब्याची आणि कथलाची लॅप लेथवर दोन्ही बाजूंनी फेस करून पुन्हा हिरा भरता येते. भोक अर्ध्या इंचाचं, म्हणजे 12.7 मिमी, म्हणून मँड्रेल त्या मापाचा करून घ्या. कथील-शिशाच्या लॅपचा चुरा गोळा करून वेगळा ठेवा, हात धुतल्याशिवाय चहा नको. ज्या लॅपवर आधी कुठला ग्रेड होता ते लिहिलेलं नाही, ती पॉलिशला वापरू नका. 1200 चा एक कण 50,000 च्या लॅपवर आला की टेबलावर (खड्याच्या वरच्या मोठ्या पैलूवर) ओरखडा हमखास.

सगळं जुळल्यावर खडा लावण्याआधी ॲक्रिलिकचा रॉड डॉपवर चिकटवा. 90 अंशांवर इंडेक्स 96 आणि 48 असे दोन समोरासमोर पैलू कापा आणि मायक्रोमीटरने जाडी दोन टोकांना, 10 मिमी अंतरावर मोजा. फरक 0.035 मिमी असेल तर कोन 0.1 अंशाने चुकतोय. दोन्ही बाजूंची चूक एकत्र येत असल्याने डायलपेक्षा हे माप जास्त बोलकं. मग 43 वर आठ पैलू, एकाच स्टॉपवर, प्रत्येक वेळी लॅपच्या वेगळ्या जागी: एक आतल्या बाजूला, एक कडेला. टोक तरीही एक आलं तर मास्ट आणि तबकडी दोन्ही पास. टोक रेघेसारखं लांबलं तर ज्या दोन पैलूंमुळे लांबलं ते पुन्हा त्याच इंडेक्सवर हलकेच टेकवा. आता त्यांनी पुन्हा कापलं तर क्विलमध्ये अजून प्ले आहे. नाही कापलं तर डोक्याचा मास्टवरचा क्लँप सरकतोय.

ट्रान्सफर जिग (खडा उलटवून दुसऱ्या डॉपवर चिकटवायचं साधन) शेवटी तपासा, कारण त्याची चूक क्राऊन सुरू केल्यावरच कळते: गिर्डल एका बाजूला जाड, समोर पातळ. दोन्ही व्ही ब्लॉकमध्ये एकच लांब ग्राउंड रॉड ठेवा आणि खालून टॉर्च मारा. एका ब्लॉकखालून उजेड आला तर तो ब्लॉक सैल करून रॉड दाबून धरत पुन्हा आवळा, आणि आवळल्यावर उजेड परत बघा.